व्हिक्टोरियन मैत्रिणींना इतकी मोकळीक कशी?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1840 साली, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र देशभर कुठेही जाऊ लागलं. त्याआधी टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. म्हणून भरलेलं पान आडवं फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा लिहीत. मध्यमवर्गीय मैत्रिणींची त्या काळातली पत्रं वाचताना डोळे शिणतात, आणि आजचा वाचक जरा चपापतोही. लाडाची संबोधनं, विरहाची तक्रार, मिठीची ओढ, सोबत कधी केसांची बट. घरच्यांना यात काही वावगं वाटत नसे. मैत्रीने मुलीचं मन कोवळं होतं, पुढे ती चांगली बायको होते, अशीच समजूत होती. (गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुलींना असल्या पत्रांची चैन कुठली परवडायला!)

लग्नाच्या वाटेत येत नाही, तोवर ही मोकळीक. आणि लग्नात बाईच्या हाती काय उरे? तिची कमाई कायद्याने तिची झाली 1870 मध्ये, मालमत्ता 1882 मध्ये. मैत्रिणीशी निदान बरोबरीने बोलता येई.

1851 च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका काही लाखांनी जास्त भरल्या. या 'जादा' बायका वसाहतींत पाठवाव्यात, असं निबंधकार डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी 1862 मध्ये सुचवलं, जणू गोदामात पडून राहिलेला माल. त्याच वर्षी लेखिका फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी त्याला उत्तर दिलं: पोटापाण्यासाठी लग्न करायला लावू नका, अविवाहित बाईलाही काम असतं, मैत्री असते. पुढे त्या तशाच जगल्याही. रोममध्ये भेटलेल्या वेल्श शिल्पकार मेरी लॉईड यांच्यासोबत त्यांनी संसार थाटला, तो लॉईड 1896 मध्ये वारल्या तोपर्यंत टिकला. ओळखीपाळखीचे लोक दोघींना जोडीनेच धरत. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून बायकोला वेगळं राहता यावं म्हणून 1878 मध्ये कायदा झाला, त्यामागे याच कॉबबाईंची लेखणी होती.

पण भांडण कोर्टात गेलं की चित्र पालटे. एमिली फेथफुल यांनी 1860 मध्ये बायकांना खिळे जुळवायला शिकवणारा छापखाना काढला होता. 1864 च्या कॉड्रिंग्टन घटस्फोट खटल्यात त्यांचं नाव आलं. आरमारी अधिकारी कॉड्रिंग्टन यांची बायको आणि फेथफुल एका खोलीत झोपत, हे तोवर कुणाला खटकलं नव्हतं. वकिलांनी त्यालाच संशयाचा रंग दिला. निकाल लागला तो बायकोच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांवरून, पण जवळच्या सहकाऱ्यांनी फेथफुल यांच्याकडे पाठ फिरवली.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 1885 च्या कायद्यातलं कलम फक्त पुरुषांना लागू होतं. बायकांमध्ये असं काही असतं हे राणीला पटेना म्हणून त्या सुटल्या, ही गोष्ट चविष्ट असली तरी दंतकथाच. 1921 मध्ये बायकांनाही त्यात ओढायचं कलम संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, मंजूर केलं. वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने, ते फेटाळलं, कारण ज्या बायकांनी हे कधी ऐकलंही नाही त्यांना कायदाच ते शिकवील, अशी भीती तिथल्या सदस्यांनी बोलून दाखवली.