पाणी देणे (सुरीच्या पात्याचे)

पाणी देणे : पोलादी पाते ठरावीक तापमानापर्यंत तापवून ते द्रवात झपाट्याने थंड करून कठीण करणे, आणि नंतर पुन्हा मंद उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा घालवणे. लोहाराच्या बोलीत हे दोन्ही टप्पे ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ या एकाच शब्दात येतात. कारखान्यात मात्र पहिल्याला हार्डनिंग आणि दुसऱ्याला टेम्परिंग अशी वेगळी नावे आहेत. घरी सुरी बनवू पाहणाऱ्याने ही दोन नावे वेगळी ठेवणे बरे, कारण एका शब्दात गुंडाळल्यामुळे दुसरा टप्पा अनेकदा राहूनच जातो. शिवाय नावात पाणी असले, तरी पातळ सुरीसाठी पाणी हा बहुधा चुकीचा द्रव ठरतो.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षे, कांदा आणि निफाड भागातील ऊस यांमुळे विळे, खुरपी आणि कोयते यांचा वापर मोठा आहे. ही अवजारे घडवून त्यांना धार लावून देणारे घिसाडी कारागीर गावोगावच्या आठवडे बाजारांत आणि रस्त्याच्या कडेला भाता आणि ऐरण मांडून बसतात. त्यांची पद्धत पाहण्यासारखी असते. लाल झालेल्या छिन्नीचे किंवा कोयत्याचे धारेकडचे बोटभर अंगच काही क्षण पाण्यात धरले जाते. बाहेर काढून ते दगडावर घासून चकचकीत केले, की पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकताना दिसते आणि तिच्याबरोबर फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असे रंगांचे पट्टे पुढे येतात. हवा तो रंग धारेवर पोहोचला, की सगळे अवजार पाण्यात जाते. हार्डनिंग आणि टेम्परिंग एकाच तापवणीत उरकणारी ही रीत जाड अवजारांना उत्तम लागू पडते. तीन मिलिमीटर जाडीच्या सुरीत मात्र पाठीत तेवढी धगच साठत नाही, आणि रंग ओळखण्याची नजर यायला वर्षे लागतात. म्हणून नवशिक्याने दोन टप्पे वेगवेगळे करावेत.

या क्रियेचे मर्म कार्बनमध्ये आहे. पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्यातील लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळू लागतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. ते सावकाश थंड झाले, तर कार्बन वेगळा होऊन पोलाद मऊ राहते. झटक्यात थंड केले, तर कार्बनला निसटायला वेळ मिळत नाही, तो मांडणीतच अडकतो आणि ताणलेली, अतिशय कठीण अशी मार्टेन्साइट ही रचना तयार होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्या नावावरून हे नाव पडले. साध्या कार्बन पोलादाला सुमारे ५४० अंशांच्या आसपासचा पट्टा जेमतेम एका सेकंदात ओलांडावा लागतो. भट्टीपासून तेलाच्या डब्यापर्यंत दोन पावले चालण्यात गेलेला वेळ त्यामुळेच महागात पडतो.

पोलादाची निवड : अर्धी यशापयशाची गोष्ट इथेच ठरते. बांधकामाच्या सळईत कार्बन ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. तिची सुरी कितीही तापवली, तरी सुरीला लागणारी कठीणता येत नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा, जुनी कानस किंवा बेअरिंगची कडी यांत पुरेसा कार्बन असतो. भंगारातला पाटा स्वस्त मिळतो खरा, पण तो वर्षानुवर्षे वाकून थकलेला असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. शिवाय तो नेमका कोणत्या जातीचा आहे हे कळत नाही. पहिल्या दोन-तीन सुऱ्यांसाठी ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेली, जात माहीत असलेली नवी पट्टी घेणे शेवटी स्वस्त पडते. स्टेनलेस पोलादाला हजार अंशांहून अधिक तापमान आणि काटेकोर वेळ लागतो; ते घरच्या कोळशावरचे काम नव्हे. अशी पाती नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणाऱ्याकडे देणे शहाणपणाचे. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा भट्टीत कधीही घालू नये; त्याच्या धुराने ताप येतो.

पात्याला आकार देऊन, भोके पाडून झाल्यावर, पण धार काढण्याआधी पाणी द्यावे. धारेची कड या वेळी दीड मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवतात. त्याहून पातळ कड वाकते, तडकते, किंवा तिच्यातला कार्बन जळून जातो. ठोकून घडवलेल्या पात्यातील ताण काढण्यासाठी ते आधी दोन-तीन वेळा लाल करून शांत हवेत थंड होऊ देतात, आणि प्रत्येक वेळी तापमान थोडे उतरते ठेवतात. त्याने पोलादाचे कण बारीक होतात. हे पटत नसेल, तर त्याच पट्टीचे दोन तुकडे घ्यावेत, एक बेताचा आणि एक भगभगीत पिवळा होईपर्यंत तापवून दोन्ही तेलात थंड करावेत, आणि फडक्यात गुंडाळून शिकंज्यात तोडून पाहावेत : पहिल्याचा भंग राखाडी आणि मखमलीसारखा दिसतो, दुसऱ्याचा जाड रव्यासारखा चमकतो. रवाळ पाते कठीण असूनही हातातून पडताच तुटते.

हार्डनिंगसाठी पाते एकसारखे लाल करायचे असते, आणि हे काम संधिप्रकाशात किंवा सावलीत करावे, कारण नाशिकच्या दुपारच्या उन्हात लाल रंग फसवतो. रंगापेक्षा चुंबक भरवशाचा. जुन्या स्पीकरचा चुंबक तारेला टांगून ठेवला, तर ७७० अंशांच्या सुमारास पाते त्याला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी किंचित उजळू द्यावा, म्हणजे साध्या कार्बन पोलादाला लागणारे ८०० ते ८३० अंश गाठले जातात. कमानीच्या पाट्याला थोडे अधिक लागते. टोक पातळ असल्याने सर्वांत आधी तापते, म्हणून पाते भट्टीत पुढे-मागे सरकवत राहावे.

थंड करण्यासाठी शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे खाद्यतेल चालते. एका सुरीला चार-पाच लिटर तेल आणि पाते उभे बुडेल असा उंच लोखंडी डबा हवा. प्लॅस्टिकची बादली कदापि नको. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. हे ऐकायला उलटे वाटते, पण कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवती चांगले खेळते, आणि थंडीत, जेव्हा नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा तर हे टाळून चालतच नाही. पाते टोकाकडून सरळ खाली घालावे आणि धारेच्या दिशेनेच मागे-पुढे हलवावे. सपाट बाजूने हलवले, की एक अंग आधी थंड होऊन पाते वाकते. वाकलेच, तर बाहेर काढल्यावर पहिल्या काही सेकंदांत, ते अजून दोनशे अंशांच्या वर असताना, जाड हातमोज्यांनी सरळ करता येते. नंतर तो प्रयत्न केल्यास काचेसारखा आवाज येऊन पाते दुभंगते. तेलाने पेट घेतला, तर डब्यावर झाकण टाकावे; पाणी ओतल्यास पेटते तेल अंगावर उसळते.

पाते कठीण झाले की नाही, हे कानस सांगते. काळी खपली काढून कडेवर कानस फिरवली असता ती घसरून किणकिणली, तर काम झाले. चावली, तर आणखी थोडे घासून पाहावे, कारण वरचा कार्बन जळालेला पापुद्रा मऊ असू शकतो. आतही चावत असेल, तर पुन्हा तापवण्यावाचून इलाज नाही.

या घडीला साध्या कार्बन पोलादाचे पाते रॉकवेल मापावर ६४ ते ६५ पर्यंत कठीण आणि तितकेच ठिसूळ असते. ते रात्रभर तसेच ठेवून सकाळी टेम्परिंग करू म्हणणाऱ्याला सकाळी चीर पाहायला मिळू शकते. हाताला सोसेल इतके निवले, की लगेच ते ओव्हनमध्ये जावे : सुमारे २०० अंशांवर दोन तास, मग खोलीत थंड होऊ देऊन पुन्हा दोन तास. घरातील ओटीजीचे बटण आणि आतले खरे तापमान यांत दहावीस अंशांचा फरक सहज असतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवावा आणि पाते वाळूच्या ताटलीत पुरावे, म्हणजे तापल्या कॉइलची झळ थेट लागत नाही. पुसलेल्या पात्यावर फिकट पेंढ्याचा रंग आला, की कठीणता ६० च्या आसपास उतरलेली असते, आणि भाजी-मांसाच्या सुरीला ती पुरते. आघात सोसणाऱ्या कोयत्याला २३० अंशांपर्यंत नेतात. निळा रंग स्प्रिंगला शोभतो, सुरीला नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट असली, तरी खंजिरासारखे आकार शिकाऊ कामात टाळावेत.

दिलेले पाणी उतरतेही. शेवटची धार काढताना ग्राइंडरवर पातळ कड क्षणात तापते आणि तिथे निळा डाग उमटला, की तेवढा भाग मऊ पडला असे समजावे. तो घासून टाकण्याशिवाय गत्यंतर नसते. त्यासाठी ग्राइंडरशेजारी बादली ठेवतात आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाते तिच्यात बुडवतात. या बादलीत मात्र साधे पाणीच असते.