हिवरे बाजारात फक्त पाणी अडवलं नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बंधारे बांधले, चर खणले, पाणी आलं, गाव सुधारलं. अर्धंच खरं आहे. बंधारे बांधूनही कोरडी पडलेली गावं आपल्याकडे कमी नाहीत.

हा पर्जन्यछायेचा भाग, पाऊस जेमतेम. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पुढे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायची कामं झालीच, पण त्याहून अवघड गोष्ट होती ती साठलेलं पाणी वापरण्याचे नियम. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसं-जनावरं, मग शेती. उरेल तेवढ्यावर रब्बीचं ठरवायचं.

कांदा, भाजीपाला इथे बसतो तो याच हिशेबात. मेथी महिन्याभरात जुडी बांधून बाजारात जाते, ऊस मात्र वर्ष-दीड वर्ष रान अडवून बसतो. पाऊस कमी झाला तर मेथीचे दोन वाफे कमी टाकता येतात; उभ्या उसाला पाणी तोडणार कसं? (शेजारच्याची बोअर चालू असताना आपली न घेणं किती जड जातं, ते शेतकऱ्यालाच विचारा.)

जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हाही गावाचाच ठराव. बंधाऱ्यांचे फोटो सगळे काढतात, ठरावांचे कोण काढणार?