पहिल्या सत्रात आम्ही काय विचारतो आणि का विचारतो

समुपदेशनासाठी पहिल्यांदा येणाऱ्या व्यक्तीची अपेक्षा बहुधा एवढीच असते की मन मोकळे करता यावे आणि समोरच्याने ते शांतपणे ऐकून घ्यावे. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र पहिल्या सत्रातील काही प्रश्न अनपेक्षित वाटतात, काहींना ते टोचतात, आणि "झोप लागत नाही म्हणून मी आलो, मग मरणाचे विचार येतात का, असे का विचारता?" हा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. या प्रश्नांमागची कारणे आपल्याला येण्यापूर्वीच ठाऊक असावीत, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

सत्राची सुरुवात आम्ही गोपनीयतेपासून करतो. आपण सांगितलेले आमच्याकडेच राहते. पती, पत्नी, आईवडील किंवा आपल्याला येथे पाठवणारी कंपनी यांपैकी कोणालाही ते आपल्या संमतीशिवाय कळवले जात नाही. याला मोजके अपवाद आहेत. आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर तो टाळण्यापुरती आवश्यक तेवढीच माहिती योग्य व्यक्तीला द्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे सारे आम्ही आधी सांगतो, कारण विश्वासाने बोलून झाल्यावर अशी मर्यादा कानावर पडणे म्हणजे फसवणूक झाल्यासारखेच असते.

धोक्याचा अंदाज

यानंतर आपल्याला बहुधा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली दिली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, हे तीत ० ते ३ गुणांत नोंदवायचे असते आणि एकूण गुण जास्तीत जास्त २७ होतात. या बेरजेवरून नैराश्याच्या तीव्रतेचा अंदाज येतो, निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. बेरीज कितीही कमी असली, तरी त्या एका प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल तर आम्ही तेथेच थांबतो आणि सविस्तर बोलतो: हे विचार कधीपासून आणि किती वेळा येतात, मनात काही ठरवले आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर आपल्याला कशाने धरून ठेवले. यांतील शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण धाकट्या बहिणीचे शिक्षण असो, गोठ्यातली गाय असो की पंढरीची वारी असो, त्या उत्तरातच पुढच्या कामाचा आधार सापडतो.

असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी भीती अनेक नातेवाईक व्यक्त करतात. संशोधनातून ही भीती खरी ठरलेली नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कोणीतरी स्पष्ट शब्दांत विचारल्यामुळे हलके झाल्याचे अनेकजण सांगतात. पूर्वीचा प्रयत्न पोलिसांच्या धाकाने लपवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ मध्ये अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

धोका जाणवल्यास आम्ही कोणाची शपथ घालून "असे काही करणार नाही" असे वदवून घेत नाही. शपथेने विचार थांबत नाहीत, आणि शपथ मोडेल या लाजेने माणूस पुढच्या वेळी बोलायचा मात्र थांबतो. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीने आपण दोघे मिळून एक सुरक्षितता आराखडा लिहितो. वादळ येण्याआधीची आपली लक्षणे, त्या वेळी स्वतः करण्याच्या गोष्टी, जेथे जाऊन बसता येईल अशी ठिकाणे व माणसे, मदत मागता येईल असे नातलग आणि तज्ज्ञांचे दूरध्वनी क्रमांक त्यात आपल्याच शब्दांत येतात. घर सुरक्षित करणे हाही त्याचाच भाग आहे. शेतकरी कुटुंबात कीटकनाशके घरातून हलवून कुलूपबंद ठेवावीत व किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि गोळ्यांचा साठा घरातील एखाद्या विश्वासू व्यक्तीने सांभाळावा, असे आम्ही सांगतो. कारण तीव्र आवेग अनेकदा थोड्या वेळात ओसरतो आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणे जीव वाचवते.

घरात मारहाण होते का, हे आम्ही जोडप्यांनाही वेगवेगळे बसवूनच विचारतो. दारूविषयीही विचारतो, त्यात दोष देण्याचा हेतू नसतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून असा निश्चय करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे ठरवताना

तातडीचा धोका नसेल, तर उरलेला वेळ उद्दिष्टांसाठी असतो. "मला बरे वाटायला हवे" किंवा "टेन्शन जायला हवे" ही इच्छा खरी असते, पण ती पूर्ण होऊ लागली हे ओळखायचे कसे, हे त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही विचारतो की त्रास थोडा कमी झाला, तर आपल्या दिवसात घरच्यांना पहिला बदल कोणता दिसेल? स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेला तरुण कदाचित म्हणेल, "मी सगळ्यांबरोबर जेवायला बसेन." मग पुढील दोन आठवड्यांत चार दिवस रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर, हे त्याचे पहिले उद्दिष्ट होऊ शकते. ते क्षुल्लक वाटेल, परंतु तीन महिने खोलीचे दार लावून बसलेल्या माणसासाठी ते मुळीच क्षुल्लक नसते. आज शून्य ते दहापैकी आपण कोठे आहात, असेही आम्ही विचारतो. तीनवरून चारवर जाण्यासाठी काय लागेल, याचे उत्तर दहाच्या स्वप्नापेक्षा अधिक उपयोगी पडते.

उद्दिष्ट येणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे असावे लागते. "याचा मोबाइल सोडवा" किंवा "हिला लग्नाला तयार करा" असे सांगून कुटुंबीय कोणाला घेऊन येतात, तेव्हा त्यांची काळजी आम्ही ऐकून घेतो; मात्र त्यांची मागणी आम्ही परस्पर उद्दिष्ट म्हणून लिहीत नाही. साधारण चौथ्या सत्रात आपण उद्दिष्टे पुन्हा तपासतो, आणि ती चुकीची ठरली असतील तर निःसंकोच बदलतो.

आम्ही समुपदेशक औषधे देत नाही. गरज दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतो, आणि थकवा व उदासी यांमागे थायरॉइडसारखे शारीरिक कारण असू शकत असल्याने कधी आधी रक्ततपासणी सुचवतो.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आत्ता येत असतील, तर आमच्या वेळेची वाट पाहू नये. टेली मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ वर संपर्क साधावा. पहिल्या सत्राला येताना चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी व जुने अहवाल असल्यास आणावेत. सोबत कोणी येत असल्यास सत्रातील काही वेळ त्यांना बाहेर थांबावे लागेल, याची त्यांना आधीच कल्पना द्यावी.