बंदूक ठाण्यात जमा करणं वेगळं आणि सरकारनं ती विकत घेणं वेगळं

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या आमच्या गावात परवानेवाल्यांना बंदुका जमा करा म्हणून ठाण्यातून निरोप आला आणि चुलत भावाचा फोन, दादा बंदूक दिली की सरकार पैसे किती देतंय? त्यानं मोबाईलवर ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ बघितला होता, लोक रांगेत उभारून बंदुका देतायत आणि पैसे घेऊन जातायत. हा घोटाळा गावात बऱ्याच जणांचा होतोय म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडं निवडणुकीत होतं ते नुसतं जमा करणं. बंदूक तुमची, परवाना तुमचा, फक्त मतदान-निकाल होईपर्यंत ती ठाण्यात राहते आणि निकालानंतर साधारण आठवड्यानं परत मिळते. एक रुपयाही मिळत नाही. बँकेच्या गार्डला आणि नेमबाजीच्या खेळाडूंना सूट असते, पण शेतराखणीच्या बंदुकीवाल्याला बहुतेक वेळा द्यावीच लागते, आणि नेमकं त्याच दिवसांत रानडुक्कर उसात शिरतं. हवेत एक बार काढला की पळायचं ते, आता डबे बडवत रात्र काढायची.

जमा करताना पावती नीट बघा हो. ती कन्नडमध्ये असते, आमच्या काकांना कन्नड बोलायला येतं पण वाचायला येत नाही, एकदा बंदुकीच्या नंबरातला शेवटचा आकडा चुकीचा लिहिला गेला आणि परत आणताना म्हाताऱ्या माणसाला दोन हेलपाटे पडले. तेव्हापासून मी परवाना आणि पावती शेजारी शेजारी धरून एकेक आकडा ताडून बघतो, काडतुसं किती दिली तेही. बंदूक घरी आली तेव्हा नळीच्या तोंडाला तांबूस गंज चढलेला, काका ओट्यावर बसून तेलाच्या चिंधीनं तासभर पुसत होते, बोलले काहीच नाहीत.

आता ते बायबॅक, म्हणजे सरकारनं बंदूक विकत घेणं. तिथं बंदूक कायमची जाते, सरकार पैसे देतं आणि ती मोडून टाकतं. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एकानं ३५ माणसं मारली, मग ठरावीक जातीच्या बंदुकांवर बंदी आली आणि लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या, पैशासाठी आरोग्याचा कर वर्षभर ०.२ टक्क्यांनी वाढवला. न्यूझीलंडनं २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमधल्या गोळीबारानंतर तसंच केलं. अमेरिकेत मात्र हे शहरापुरतं असतं, बाल्टिमोरनं १९७४ मध्येच बंदुकीमागं ५० डॉलर देऊन १३ हजारांवर गोळा केल्या होत्या, आता बऱ्याच ठिकाणी पोलीस दुकानाचं गिफ्ट कार्ड देतात आणि कुठून आणली म्हणून विचारत नाहीत. पण मर्जीनं द्यायची म्हटल्यावर जास्त करून जुन्या, मोडक्या बंदुकाच येतात, म्हणून माझ्या मते कायद्यात बंदी असल्याशिवाय नुसत्या पैशानं फार फरक पडत नाही.

आपल्या कायद्यात याच्या थोडंफार जवळ जाणारी गोष्ट म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानेवाला वारला तर बंदूक घरात ठेवायची नाही, ठाण्यात नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची. मग वारसानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा किंवा दुसऱ्या परवानेवाल्याला ती विकायची, पैसे येतात ते त्या घेणाऱ्याकडून, सरकारकडून नाही, आणि मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होते. विनापरवाना घरात सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं शिक्षा आहे, त्यामुळं नंतर बघू म्हणून चालत नाही.

मग बोलता बोलता भावानं खरं सांगितलं. वडील जाऊन तीन महिने झालेले, त्यांची ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर, आणि आई तिला कुणाला हात लावू देत नव्हती. मी म्हटलं काकूला समजावून सांग, जमा केली म्हणजे गेली असं नाही, वारस म्हणून डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसात तुझ्या नावानं अर्ज करता येतो. दुसऱ्या दिवशी काकू स्वतः ठाण्यात गेल्या, नंबर दोनदा वाचून घेतला, आणि ती पावती आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर ठेवलीय.