मुलांना क्रोशे शिकवताय? आधी सुई बघा

सुट्टीच्या बॅचला नाव घालताना बहुतेक पालक विचारतात, "सुई-दोरा घरचाच आणला तर चालेल ना? आजीचा डबा भरलेला आहे." आजीच्या डब्याबद्दल आम्हाला आदर आहे, आमचं दुकानही अशाच एका डब्यातून उभं राहिलं. पण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तो देऊ नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. का, ते इथे एकदा लिहून ठेवतो.

त्या डब्यात असते एक-दीड मिलिमीटर जाडीची, टोकाला आकडा असलेली स्टीलची क्रोशाची सुई आणि 40 नंबरचा बारीक पांढरा दोरा. रुमालाला, तोरणाला तेच हवं. मुलाला मात्र त्यात टाका दिसतच नाही. गेल्या मे महिन्यात एक आठ वर्षांची मुलगी अशी सुई घेऊन आली. अर्ध्या तासात चार साखळ्या (क्रोशाचे सुरुवातीचे टाके) झाल्या, त्याही इतक्या आवळलेल्या की सुईचं टोक आत शिरेना. दोरा घामाने करडा झाला होता आणि "मला येतच नाही" म्हणत ती उठायच्या बेतात होती. तिला 6 मिलिमीटरची सुई आणि फिकट पिवळी जाड लोकर दिली. आई न्यायला आली तेव्हा साखळी टेबलावरून लोंबत दारापर्यंत पोचली होती.

टाक्याचं माप सुईचा दांडा ठरवतो. टाका दांड्यावर न येता आकड्याजवळच्या निमुळत्या भागातच राहिला की आवळतो, आणि पुढच्या ओळीला सुई आत जात नाही. जाड सुईवर "टाका मागे सरकव" एवढं म्हटलं की मूल बघून स्वतःच सुधारतं. बारीक सुईवर ते मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. घरून आवळून आणलेल्या साखळ्या उसवण्यात आमचा पाऊण तास जातो आणि बाकीची मुलं खोळंबतात.

लोकर काळी किंवा गडद निळी नको. केसाळ तर मुळीच नको, ती उसवताना गुंतते.

"आठवडा झाला, अजून सुई हातात नाही?" असंही विचारलं जातं. लहान मुलांना आम्ही आधी बोटांनीच साखळी करायला लावतो. दोरा किती ताणायचा हे बोटांना कळलं की सुई जड जात नाही. मग मुका खांब, म्हणजे साधा बुटका टाका, मग चौकोन. बाहुली त्यानंतर, कारण तिच्यात गोल विणताना टाके मोजावे लागतात. चौकोनाचा त्रिकोण होऊ लागला तर ओळीतला शेवटचा टाका सुटतोय. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, दर ओळीला मोजायला सांगा. मूल डावखुरं असेल आणि तुम्ही उजव्या हाताने विणत असाल, तर शेजारी न बसता समोर बसा. त्याला आरशासारखं दिसतं.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरे. मूल झोपल्यावर त्याची ओळ पूर्ण करून ठेवू नका. सकाळी त्याला कळतंच.

फीमध्ये रबरी मुठीची सुई आणि फिकट लोकरीचा एक गुंडा धरलेला आहे. बॅचला न येता घरीच शिकवणार असाल तर हेच पाकीट काउंटरवर वेगळंही मिळतं. घरची सुई 5 मिलिमीटरच्या वरची असेल तर जरूर आणा, फक्त लोकर घ्या. सोबत एक कापडी पिशवी असू द्या, साखळी घरी न्यायला लागते.