पार्श्वभूमी : भोपाळचं भूजल आणि पीथमपूरची राख

जानेवारी 2025 पासून इंदूरच्या मराठी घरांत ‘कार्बाइडचा कचरा’ म्हणजे भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला कचरा हा विषय निघाला, की बोलणं तो आणणाऱ्या बारा कंटेनरांपासून सुरू होतं आणि इंदूरजवळच्या पीथमपूरच्या, कचरा जाळायच्या भट्टीपाशी संपतं. माल आला, जळला. कुणाच्या मते प्रश्न मिटला, कुणाच्या मते तो आपल्या गळ्यात पडला. पण कंटेनरांतून आलेले ते 337 टन म्हणजे कारखान्याच्या आवारातून वेचून, पोत्यांत भरून, वीसेक वर्षं शेडमध्ये ठेवलेला माल होता. त्यात 162 टन माती होती, सेविन या कीटकनाशकाचे आणि नॅफ्थॉल या त्याच्या कच्च्या मालाचे 92 टन अवशेष होते, 54 टन अर्धवट तयार कीटकनाशक होतं आणि 29 टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ होता. भोपाळच्या विहिरींत जे उतरलं, ते मुख्यतः जमिनीत पुरलेल्या मालातून उतरलं. तो माल अजून तिथेच आहे.

पाण्याची गोष्ट वायुगळतीच्या बरीच आधी सुरू होते. कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. पहिली काही वर्षं टाकाऊ रसायनं आवारातल्याच खड्ड्यांत जात होती. 1977 मध्ये कुंपणाबाहेर उत्तरेला प्लास्टिकचं अस्तर घातलेले बाष्पीभवनाचे तलाव झाले. त्यातून गळती होत असल्याचं 1982 च्या कंपनीच्या आपसातल्या टेलेक्समध्ये आहे. म्हणजे 1984 च्या वायुगळतीच्या रात्रीआधीच दोन वर्षं.

पुढे तपास झाले, आणि सगळा घोळ तिथेच आहे. 1990 च्या सुमारास एका केंद्रीय संशोधन संस्थेला भूजलात दूषितपणा आढळला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीने स्वतःच्या चाचणीसाठी आवारातून नमुने घेतले होते आणि त्यांत सोडलेले सगळे मासे मेले होते. तो कागद बाहेर यायला बरीच वर्षं लागली. 1997 च्या सुमाराला त्याच संस्थेचा हिशेब आला, की वरची चिकणमाती इतकी घट्ट आहे की दूषित पाणी भूजलापर्यंत पोचायला 23 वर्षं लागतील. कंपनीने नेमलेल्या सल्लागारांनी हा आकडा वाचून खाजगीत कळवलं, की परिस्थिती वाईट असेल तर दोन वर्षंही पुरतील. जाहीर झाला तो मोठा आकडा. 1998 मध्ये कंपनीने जमीन राज्य सरकारला परत केली, आणि 1999 मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी घेतलेल्या नमुन्यांत क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोबेन्झिनं निघाली.

या फरकाचं एक कारण साधं आहे. पाण्यात काय शोधायचं, हे आधी ठरवावं लागतं. सेविन म्हणजे कार्बारिल, कारखान्याचं मुख्य उत्पादन. ते साध्या पाण्यात थोड्या आठवड्यांत फुटतं, अल्कधर्मी पाण्यात तर काही तासांतच. दहा-पंधरा वर्षांनी विहिरीच्या पाण्यात सेविन शोधलं तर ते बहुतेक सापडणार नाही, आणि अहवालात ‘कीटकनाशक आढळलं नाही’ असं अगदी खरं वाक्य लिहिता येईल. टिकून राहतात ती दुसरी द्रव्यं, म्हणजे गॅमेक्सिनच्या घराण्यातली एचसीएच ही कीटकनाशकं, कारखान्यात द्रावक म्हणून वापरलेली क्लोरीनयुक्त रसायनं आणि पारा. यादी कोण करतो, यावर निष्कर्ष अवलंबून राहिला. त्याच केंद्रीय संस्थेच्या 2010 च्या अहवालानेही हीच कसरत केली. दूषित माती 11 लाख टन असल्याचं मान्य केलं आणि भूजल मात्र मोजक्या विहिरींपुरतंच बिघडल्याचं म्हटलं.

न्यायालयांनी या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. बाधित वस्त्यांची यादी पुढे 22 वर गेली, मग 42 वर. वस्त्या वाढत असताना ‘मोजक्या विहिरी’ हा शब्दप्रयोग कसा टिकला, हे कोडंच आहे.

दरम्यान सगळं लक्ष पोत्यांवर गेलं, कारण पोती उचलता येतात. गुजरातने अंकलेश्वरच्या भट्टीसाठी नाही म्हटलं, नागपूरजवळच्या भट्टीला विरोध झाला, कचरा जर्मनीला नेऊन जाळायचा बेत 2012 मध्ये बारगळला. 2008 मध्ये चुन्याचा सुमारे 40 टन गाळ पीथमपूरला आलाच होता. 2015 मध्ये 10 टन जाळून पाहिले. 3 डिसेंबर 2024 ला उच्च न्यायालयाने कचरा हलवायला चार आठवड्यांची मुदत दिली, 1 जानेवारीच्या रात्री कंटेनर निघाले, पीथमपूरमध्ये आंदोलन पेटलं आणि जूनअखेर शेवटचा टन जळला.

जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त झाली. आता प्रश्न या राखेचा. पीथमपूरची भट्टी आणि लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची जागा, तारापूर गावाच्या जवळ आहे. खाली माळव्याचा बेसॉल्ट. भोपाळच्या चिकणमातीसाठी जो हिशेब मांडला होता, तो इथे चालणार नाही. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून जातं, एक विहीर कोरडी आणि शेजारची भरलेली हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंदूरकरांना काळजी वाटते ती गंभीर नदीची, कारण ती पुढे यशवंतसागर तलावात येते. शहर मुख्यतः 1978 पासून आलेलं नर्मदेचं पाणी पितं, हे खरं. पण यशवंतसागरही पश्चिम इंदूरच्या पुरवठ्यात आहे.

आणि इथेही यादीच ठरवणार. भट्टीच्या उष्णतेत कीटकनाशकं फुटतात, धातू राखेत उरतात. तारापूरच्या विहिरींत सेविन शोधून काही हाती लागायचं नाही. शिसं, निकेल आणि क्षार मोजावे लागतील, तेही राख पुरण्याआधीपासून. शिवाय त्या लँडफिलमध्ये इतर कारखान्यांचा माल आधीपासून पडतो आहे. उद्या विहिरीत काही निघालंच, तर ते कुणाचं, हे ठरवायला भोपाळमध्ये नसलेली जुनी नोंद इथे तरी लागेल.