शेवटच्या दिवसांतला नायक कोण?

जगाचा अंत आता जवळ आलाय, असं किती अमेरिकनांना वाटतं? ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२२ मध्ये विचारलं तेव्हा ३९ टक्के प्रौढांनी होकार दिला. धर्मप्रसारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांमध्ये हा आकडा ६३ टक्के निघाला, तर कृष्णवर्णीयांच्या जुन्या प्रोटेस्टंट चर्चपरंपरेत ७६! पण याच श्रद्धेवरचे थरारपट लावून बसा. नायक बहुतेक वेळा गोराच.

साचा पाडला १९७२ च्या ‘अ थीफ इन द नाइट’ने. आयोवात तुटपुंज्या पैशांत बनलेला हा सिनेमा मुख्यतः चर्चच्या सभागृहांतून फिरला. पॅटी नावाची गोरी तरुणी सकाळी जागी होते. रेडिओवर माणसं गायब झाल्याची बातमी चालू असते. नवऱ्याचा पत्ता नाही, त्याचा इलेक्ट्रिक रेझर तेवढा बेसिनमध्ये घरघरतोय. खरे श्रद्धावंत थेट स्वर्गात उचलले गेलेत, आता मागे उरलेल्यांवर ख्रिस्तविरोधकाचं, म्हणजे शेवटच्या काळात येणाऱ्या येशूच्या शत्रूचं राज्य.

अशा सिनेमात कुणाला किती जागा मिळाली, हे समाजशास्त्रज्ञ आशय-विश्लेषणाने मोजतात. दोन निरीक्षक एकमेकांशी न बोलता तोच चित्रपट पाहतात आणि प्रत्येक पात्राची नोंद तक्त्यात भरतात. मग दोघांच्या नोंदी किती जुळल्या आणि त्यातलं किती जुळणं निव्वळ योगायोगाचं, याचा हिशेब होतो. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला ‘कॅपा’ हा निर्देशांक आजही वापरात आहे. माझ्या मते तक्त्यातला वंशाचा रकाना सगळ्यात कमी बोलतो. निर्णय कोण घेतं, मरतं कोण, कुणाचा भूतकाळ आपल्याला कळतो, हे रकाने खरे.

याच साच्यातला ‘लेफ्ट बिहाइंड’ (२०००) घ्या. दिग्दर्शक व्हिक सरीन मूळचे काश्मीरचे, हा एक गमतीचा योगायोग. कृष्णवर्णीय नट क्लॅरेन्स गिलयार्ड यांनी त्यात मागे राहिलेला पास्टर ब्रूस बार्न्स साकारला. आयुष्यभर प्रवचनं दिली पण स्वतःचा विश्वासच नव्हता, असं रिकाम्या चर्चमध्ये देवाला सांगणारा बार्न्सचा प्रसंग अख्ख्या सिनेमात उजवा. पुढे मात्र त्याचं काम गोऱ्या पायलटला आणि पत्रकाराला वाट दाखवण्याचं. २००५ च्या तिसऱ्या भागात नट बदलला आणि बार्न्स मेलाही. पण त्याच भागात लुई गॉसेट ज्युनिअर हे कृष्णवर्णीय नट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भूमिकेत आहेत आणि कथा बरीचशी त्यांच्याच निर्णयांवर चालते, त्यामुळे सरळसोट निष्कर्ष काढता येत नाही. खलनायक, म्हणजेच ख्रिस्तविरोधक, कार्पाथिया रुमानियाचा, संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस. परक्यांवरचा संशय इथे फारसा लपवलेलाही नाही.

प्रेक्षकावर याचा परिणाम काय? संज्ञापनाचे अभ्यासक एडवर्ड शियापा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की, पडद्यावरच्या माणसाशी ओळख झाली तरी त्याच्या गटाबद्दलचा पूर्वग्रह कमी होऊ शकतो. अर्थात त्यासाठी ते पात्र माणूस म्हणून उलगडायला हवं. गर्दीतल्या चेहऱ्यांशी कसली ओळख होणार?

कृष्णवर्णीय चर्चचा स्वतःचा सिनेमाही होता, तोही १९३० च्या सुमारास. जेम्स आणि एलॉइस गिस्ट हे धर्मप्रचारक जोडपं ‘हेल-बाउंड ट्रेन’ हा मूकपट घेऊन चर्च-चर्च फिरायचं. त्यातली गाडी नरकाकडे निघालेली आणि चालक खुद्द सैतान. प्रत्येक पापाला वेगळा डबा: दारूचा, जुगाराचा, जॅझवर नाचणाऱ्यांचाही. दारुडा काय, जुगारी काय, नाचणारे काय, सगळे कृष्णवर्णीयच. वंशाचा रकाना इथे आपोआप निकामी होतो.